डोळ्यांच्या दवाखान्यातली चिलटं

२ फेब्रुवारी, सोमवार

अडतीस वर्षं मी रोज लिहीत होतो. दर तासाला एक ओळ. वेळ, वाफेचा दाब, काचेतलं पाणी, सही. कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. सातवीला शाळा सुटली ती सुटलीच, पण रोजवहीतला रकाना माझ्या हातून कधी रिकामा राहिला नाही. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं, म्हणून ही वही काढली.

गेली चार वर्षं मी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कुंड्या सांभाळतो. खाली पेशंट बसतात त्या हॉलमध्ये बावीस, वर ऑपरेशनच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात नऊ. एकूण एकतीस. महिनाभर तिथे चिलटं झाली आहेत. डासाहून लहान, काळी, माणसाच्या तोंडासमोरच घिरट्या घालणारी.

आज एक गृहस्थ तपासायला आले. डोळ्यांपुढे काळे ठिपके उडतात म्हणाले. मॅडमनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या सूनबाईंनी, आता सगळा दवाखाना त्याच बघतात, त्या गृहस्थांच्या डोळ्यांत थेंब घालायला लावले, तासभर डोळे मिटून बसवलं, मग यंत्राला हनुवटी टेकवून दोन्ही डोळे आतून तपासले. डोळे लख्ख. गृहस्थ म्हणाले, "आता बघा, त्यातला एक तुमच्या नाकावर बसलाय."

लगेच मला बोलावणं आलं. मॅडम म्हणाल्या, चिलटं कुंड्यांतून येतात. दोन मार्चला ऑपरेशनच्या मजल्याची तपासणी आहे, तिथे माशी दिसली तरी परवाना अडकेल. प्लास्टिकची झाडं मागवते आहे, लांबून कळतसुद्धा नाही.

मी म्हणालो, "मला जवळून कळतं."

हे तोंडातून कसं गेलं माहीत नाही. पुढे म्हणालो, एक महिना द्या. चिलटं नाही गेली तर मी स्वतः एकतीसच्या एकतीस कुंड्या उचलून बाहेर नेऊन ठेवीन.

"दिला," म्हणाल्या. इतक्या चटकन दिला म्हणजे मनात आधीच काहीतरी ठरलेलं असणार.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. कुंड्या गेल्या की मी गेलो. प्लास्टिकला माणूस लागत नाही. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या टाकीत पाणी चढलं का ते बघायचो. ही म्हणायची, अहो, त्यांची टाकी आहे, ते बघतील. पुन्हा त्या खिडकीत बसायचं नाही. नाही म्हणजे नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला सगळ्यांना पाणी घातलं. माझी पद्धत पक्की आहे. माती चकाकली पाहिजे आणि खालच्या बशीत दोन बोटं पाणी उभं दिसलं पाहिजे. बशी रिकामी दिसली की मला चैन पडत नाही. दुपारी आणखी एक फेरी, आणि संध्याकाळी निघताना ज्याची पातळी उतरली असेल त्याला थोडं थोडं. याच्या हाताखाली झाड वाळलं असं कोणी म्हणायला नको.

तेव्हा चूक माझी नाही. ती बाहेरून येते आहे.

अकरा वाजता थेंबवाल्याला पकडला. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालतो म्हणून सगळे त्याला थेंबवालाच म्हणतात. कपातला उरलेला चहा खुशाल पामच्या कुंडीत ओतत होता. वर म्हणतो, झाडालाही जरा तरतरी येते काका. मी म्हणालो, उद्या मी तुझ्या डोळ्यात चहाचा थेंब घालतो, बघू किती तरतरी येते. काउंटरवरची मुलगी हसून हसून बेजार झाली. मला हसू आलं नाही. चोर सापडला होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चोर तो नव्हता. दोन दिवस एकाही कुंडीत चहा गेला नाही, चिलटं आहेत तेवढीच आहेत.

म्हणून बाजारातून फवारा आणला आणि दवाखाना उघडायच्या आधी हॉलभर मारला. नऊ वाजता पेशंट आले आणि सगळ्यांचे डोळे झोंबायला लागले. ज्यांना काही झालं नव्हतं त्यांचेही. मॅडमनी सगळी दारंखिडक्या उघडायला लावली, फवाऱ्याचा डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हा डोळ्यांचा दवाखाना आहे."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी पिवळ्या चिकट कागदांचा गठ्ठा आणून दिला. हे काडीला लावून कुंडीत खोचायचे. चिलटांना पिवळा रंग आवडतो, येतात आणि चिकटतात. दर सोमवारी मोजा आणि मला आकडा द्या म्हणाल्या.

म्हणजे माझ्याच हातानं माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा. मोठी हुशार बाई आहे. मी एकतीस कागद खोचले. लपवाछपवी मला जमत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजली. भिंग डोळ्याला लावून, कुंडीवार. एकूण दोनशे चौदा. सगळ्यांत जास्त रबराच्या झाडाला, बत्तीस. ते दाराशी आहे, माझ्याहून उंच, आणि त्याला मी सगळ्यांत जास्त जपतो. जगात न्याय राहिला नाही.

मात्र रकाने आखून आकडे भरताना बरं वाटलं, हे कबूल करतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

एक लहान कुंडी बगलेत मारून नर्सरीवाल्याकडे गेलो. त्यानं बोट मातीत खुपसलं, बाहेर काढून चिखल बघितला आणि विचारलं, "काका, झाड लावलंय की मासे पाळलेत?"

पुढे त्यानं जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो. ही चिलटं ओल्या मातीची. वरची दोन बोटं माती ओली राहिली की त्यात अंडी घालतात, अळ्या तिथेच खातात, तिथेच वाढतात, उडतात आणि पुन्हा तिथेच अंडी घालतात. उडणारी मारून उपयोग नाही. पाणी तोडायचं. वरची माती कोरडी भुसभुशीत होईपर्यंत थेंब नको. त्यानंतर द्यायचं ते बशीतून, झाड खालून पितं, आणि अर्ध्या तासानं उरलेलं फेकून द्यायचं.

मी विचारलं, किती दिवस कोरडं ठेवायचं. म्हणाला, दहा, बारा, झाडाप्रमाणे. आणि मेलं तर? त्यावर तो म्हणाला, "तहानेनं मेलेली झाडं माझ्याकडे क्वचित येतात. येतात ती बुडून मेलेली."

कुंडी उचलली आणि निघालो. अडतीस वर्षं ज्यानं पाण्यावर नजर ठेवली त्याला हा पाणी शिकवणार. मागून ओरडून म्हणाला, विश्वास नसेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि उद्या उचलून बघा.

बघणार आहे. त्याला खोटा पाडण्यासाठी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल घरून बटाटे कापून नेले तेव्हा ही विचारत होती, आता झाडांना जेवायलाही वाढणार का.

आज सकाळी चकत्या उचलल्या. प्रत्येकीच्या खाली पांढऱ्या बारीक अळ्या, काळ्या डोक्याच्या, वळवळणाऱ्या. रबराच्या झाडाखालच्या चकतीवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "अति तिथे माती म्हणतात. तुमच्याकडे तर मातीही धड राहिली नाही, नुसता चिखल झाला." आणि मग ताटाकडे बघत म्हणाली की मलाही तुम्ही ताप आला की असंच करता, दर दहा मिनिटांनी पाण्याचा ग्लास घेऊन उभे. मी म्हणालो, काळजीनं करतो. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून पिते.

उद्यापासून पाणी बंद.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल सकाळी सातला झारी उचललीच नाही. नुसता हॉलभर फिरलो. हातांना काय करावं कळेना. पुसलेल्या खुर्च्या पुन्हा पुसल्या. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, काका, माझ्या पोटावर पाय देऊ नका.

बशा दुपारपर्यंत उतरल्या. संध्याकाळी कोरड्या ठणठणीत. एकतीस कोरड्या बशा.

आज दवाखाना अर्धा दिवस. सगळे गेल्यावर मी मागे राहिलो. मावशींना सांगितलं, दार मी लावतो. मग सगळ्यांना पाणी घातलं. बशा भरेपर्यंत.

इथे खोटं लिहून काय करू. दीड दिवस. अळ्यांना नीट तहानही लागली नसेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मोजली. दोनशे तीस.

मॅडमनी आकडा पाहिला आणि विचारलं, पाणी बंद केलंत ना? मी म्हणालो, हो, शुक्रवारपासून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खोटं बोलल्याचं सलतं आहे. दुसरंच काहीतरी आठवत बसलो, ते लिहून टाकतो.

बॉयलरच्या पुढच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी जेवढं, तेवढं नळीत दिसतं. बॉयलरवाल्याचा जन्म त्या काचेकडे बघण्यात जातो. आमच्या भिंतीवर लाल अक्षरांत नियम लिहिला होता. काचेत पाणी दिसत नसेल तर पाणी घालू नये. भट्टीतील आग बाहेर ओढावी व लांब उभे राहावे. कारण असं की, आतलं लोखंड कोरडं तापलं असेल आणि त्यावर गार पाणी पडलं, तर फुटतं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आमच्या पाळीचे मास्तर डबा उघडून बसले होते. मी वळून बघितलं तर काच कोरडी. नियम मला तोंडपाठ होता. पण नुसतं उभं राहवेना. मी पाण्याचा पंप सोडला. आतली एक नळी फाटली आणि वाफ बाहेर आली. मास्तर जेवणावरून उठले, मला ढकलून बाजूला केलं, आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत त्यांनी सांगितलं, "पंप मीच सोडला." मी शेजारीच उभा होतो. काही बोललो नाही.

त्यानंतर छत्तीस वर्षं माझ्या काचेतलं पाणी कधी अर्ध्याखाली गेलं नाही. साहेब वरचेवर सांगायचे, पाणी जास्त ठेवता, वाफ ओली येते, कागदावर डाग पडतात. मी कोणाचं ऐकलं नाही.

हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. आज का लिहिलं कळत नाही. चिलटांशी याचा काही संबंध नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मॅडमच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "परवा खोटं बोललो. शनिवारी पाणी घातलं होतं."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी माती चकाकत होती."

मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. म्हणाल्या, तुम्ही सांगाल म्हणून थांबले.

थांबल्या म्हणजे काय, पाळत ठेवली. पण मला आता कोणाचीही भीती नाही. शनिवारचं पाणी शेवटचं, असं सांगितलं. आजपासून झारीच बाहेर ठेवणार नाही. झारी मावशींच्या कपाटात, कुलपात.

काउंटरवरच्या मुलीकडून लाल अक्षरांत एकतीस पाट्या छापून घेतल्या. पाणी घालू नये. प्रत्येक कुंडीत खोचली. थेंबवाला वाचून म्हणाला, काका, पाण्याचं समजलं, चहाचं काय? मी त्याच्याच खिशातलं पेन घेतलं आणि पामच्या पाटीवर खाली लिहिलं, चहासुद्धा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पानं लोंबायला लागली आहेत. प्रत्येक पेशंट जाता जाता काहीतरी बोलून जातो. झाडांना कोणी विचारत नाही वाटतं. डोळ्यांचा दवाखाना आणि समोरचं दिसत नाही.

एक आजी होत्या, एका डोळ्याला पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी पाटी नीट वाचली आणि पिशवीतून बाटली काढून मनी प्लांटमध्ये पाणी ओतायला लागल्या. मी धावत जाऊन बाटली धरली. त्या म्हणाल्या, "अहो, जीव आहे त्यात."

"आहे म्हणूनच," मी म्हणालो.

त्यांनी बाटली सोडली नाही आणि मीही सोडली नाही. शेवटी पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. मग त्यांनी अख्ख्या हॉलला सांगितलं की हा म्हातारा मुक्या झाडांना तहानेनं मारतो, याच्या घरच्यांचं काय होत असेल. मी फरशी पुसायला घेतली. आठवड्यापूर्वी मी त्यांच्या जागी असतो तर बाटलीऐवजी बादली आणली असती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळे गेल्यावर मावशींकडे कपाटाची किल्ली मागितली. त्या म्हणाल्या, कसली किल्ली, आणि दिवे मालवून चालू लागल्या. त्यांनी असं का केलं असेल, विचार करतो आहे. बहुतेक मॅडमची शिकवण.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अठ्ठ्याऐंशी.

भिंग पुसून पुन्हा मोजली. अठ्ठ्याऐंशीच.

पण झालरीसारख्या पानांची तीन झाडं गेली. वरची दोन, खालचं एक. त्यांना कोरडं अजिबात चालत नाही, हे नर्सरीवाल्यानं आज सांगितलं. मी म्हणालो, आधी सांगायला तोंड नव्हतं का. तो म्हणाला, तुम्ही कुंडी उचलून गेलात, तोंड माझं उघडंच राहिलं.

तीन झाडं मी मारली. पाणी न घालून. त्यांच्या कुंड्या रिकाम्या करायला घेतल्या. थेंबवाला मदतीला आला, माती पोत्यात भरली. मावशी म्हणाल्या, आता तरी घाला हो बाकीच्यांना. सगळ्यांचा जीव हळहळत होता. मी म्हणालो, नाही. तीन गेली म्हणून अठ्ठावीस बुडवणार नाही.

घरी येऊन जेवलो नाही. हिनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि दहा मिनिटांनी पुन्हा आली, प्यायलात का बघायला. मी म्हणालो, हे काय. म्हणाली, तुम्हालाही कळू दे कसं वाटतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्लास्टिकची झाडं आली. टेम्पोवाल्यानं सात मोठी खोकी हॉलच्या मधोमध ठेवली आणि सही करा म्हणाला. मी म्हणालो, ज्यानं मागवली त्यानं करावी. म्हणाला, काका, फक्त पोचल्याची सही. मी म्हणालो, पोचलीच नाहीत असं समजतो. शेवटी काउंटरवरच्या मुलीनं केली.

एका खोक्याच्या फटीतून पान बाहेर आलं होतं. हात लावून बघितलं. हिरवं गार, धुतलेल्या ताटासारखं. लांबून खरंच कळत नाही. त्याचाच राग आला.

मॅडम बाहेर आल्या, खोकी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मावशींना म्हणाल्या, "जिन्याखाली ठेवा. उघडू नका, परत पाठवायची वेळ आली तर बांधाबांध नको."

बाई हिशेबी आहेत. खोकी बंद असली की धूळ बसत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस आधीच मोजली. एकोणीस. वरच्या मजल्यावर शून्य. वरचे कागद नवे लावून आठवडा झाला, एकही नाही.

हत्ती गेला, शेपूट राहिलं. पण मॅडम म्हणाल्या होत्या, माशी दिसली तरी.

२ मार्च, सोमवार

सगळं क्रमानं लिहितो.

नवीन वेळापत्रकाप्रमाणे प्रत्येक झाडाचा वार ठरला आहे. माती बोटानं तपासायची, दोन बोटं कोरडी लागली की त्याच्या वारी बशीतून पाजायचं. हॉलमधली काही पाजून झाली. रबराच्या झाडाची माती खाली अजून ओलसर होती, त्याचा वार बुधवार. पण आज सकाळी त्याची सगळी पानं खाली. नेमकं दाराशी, आत येणाऱ्या माणसाला पहिलं तेच दिसतं.

तपासणीवाले अकराला येणार होते. साडेनऊला मॅडम हॉलमध्ये आल्या. इकडे तिकडे बघितलं आणि झाडापाशी थांबल्या.

"काका, याला पाणी घाला. मेल्यासारखं दिसतंय. माणसं येतील आता."

"आज नाही."

"थोडंसं घाला."

"थोडं थोडं घालूनच ही वेळ आली. त्याचा वार बुधवार आहे."

"काका, मी सांगतेय."

"सांगा," मी म्हणालो. "मी नाही घालणार. चालत नसेल तर जिन्याखालचं आणून इथे उभं करा. त्याला पाणी लागत नाही आणि मीही लागणार नाही."

हॉलमध्ये वीसएक पेशंट होते. ज्यांना दिसत होतं ते बघत होते, ज्यांच्या डोळ्यांत थेंब होते ते कान देऊन होते. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मॅडमना वाटलं असेल ताठ्यानं धरलेत. झारी मावशींनी फरशी पुसायला बाहेर काढली होती, तीन पावलांवर होती, भरलेली. त्या झाडाला पाणी घालावं असं मॅडमपेक्षा मला जास्त वाटत होतं. लांब उभं राहणं म्हणजे काय असतं ते मला आज कळलं. काहीच न करता उभं राहायचं, आणि पळायचंही नाही.

मॅडम म्हणाल्या, "मग त्याच्यापुढे उभे राहा. तुमच्या आड झाकलं जाईल." त्या हसत होत्या की काय, चष्म्यामुळे कळलं नाही.

उभा राहिलो. तिघं आले, दोन बाया आणि एक पुरुष. आधी वर गेले. पाऊण तास वर होते. तेवढ्यात एक चिलट आलं. एकुलतं एक, कुठून आलं देवाला ठाऊक. माझ्या तोंडापुढे दोन फेऱ्या मारल्या आणि भुवईवर बसलं. तिघं जिन्यावरून उतरत होते. मी पापणी हलवली नाही.

त्यातल्या वयस्कर बाई माझ्यापुढे थांबल्या. माझ्या खांद्यावरून झाडाकडे बघून म्हणाल्या, "हे आजारी आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "तहानलेलं आहे. ठरवून."

त्यांनी पुढे होऊन बोट मातीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. पुसलं. माझ्या भुवईकडे बघितलं असं मला वाटलं, पण मग वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या.

परवाना मिळाला. ऑपरेशनच्या मजल्यावर मात्र मातीची एकही कुंडी नको असा शेरा मारला. मी वाद घालायला निघालो होतो, थेंबवाल्यानं सदऱ्याला धरून मागे ओढलं. वरच्या सात कुंड्या खाली आणल्या, जागा केली. खोक्यांतली झाडं वर गेली, उरलेली परत जातील. थेंबवाला म्हणाला, काका, वरचा मजला हरलात. मी त्याला मोजून दाखवलं. तीन मेली, अठ्ठावीस आहेत, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माझ्याकडे.

संध्याकाळी मॅडमनी बोलावून सांगितलं, वरच्या झाडांवर धूळ बसेल, आठवड्यातून एकदा फडकं मारत चला. मी नाही म्हणालो. का, म्हणून विचारलं. ज्याला तहान नाही त्याची चाकरी मला जमायची नाही, असं सांगून टाकलं. म्हणाल्या, बरं, मावशींना सांगते.

एका दिवसात दोनदा नाही म्हणालो. अडतीस वर्षांत एकदाही म्हणालो नव्हतो. घरी येऊन हिला मास्तरांची गोष्ट सांगितली. सगळी, पंपासकट. तिनं ताट बाजूला सारलं. मग विचारलं, मास्तर आहेत का अजून? मी म्हणालो, नाहीत, फार वर्षं झाली. ती म्हणाली, मग मला सांगितलंत ते बरं केलंत.

४ मार्च, बुधवार

रबराच्या झाडाला बशीतून पाजलं. अर्ध्या तासानं उरलेलं पाणी काढून फेकलं. फेकताना हात अडखळला, पण फेकलं. पानं दुपारी अर्धी वर आली.

८ मार्च, रविवार

दर रविवारी मी दुपारी दवाखान्यात एक फेरी मारत असे. आज जेवण झाल्यावर ही म्हणाली, चला, जरा फिरून येऊ. फिरायचं कुठे, मी विचारलं. कुठेही, म्हणाली. निघालो तर ही नव्या चपला घालून तयार. एवढ्याशा फिरण्याला नव्या चपला कशाला, मला समजलं नाही. पायाला लागतील म्हणून सांगितलं तर म्हणाली, लागू दे.

रस्ता दवाखान्यावरूनच जातो. बंद दाराच्या काचेतून आतलं सगळं दिसतं. मी लांबूनच बघत होतो. रबराच्या झाडाची वरची दोन पानं किंचित खाली वाटली. किंचितच. माझी चाल मंदावली असणार, कारण हीसुद्धा थांबली.

"तहानलंय हो ते," ती म्हणाली. "जाऊन या हवं तर. मी थांबते इथे."

मी काचेला कपाळ लावून बघितलं. बशी कोरडी होती. पाणी घालावंसं तेवढंच वाटलं, काही फरक नाही.

"बुधवारी," मी म्हणालो.

ती अजून थांबलेली होती, खरंच का म्हणून बघत. मी तिचा हात धरला आणि आम्ही पुढे गेलो, थेट नदीवरच्या पुलापर्यंत. येताना तिच्या चपला तिच्या पायाला लागल्याच.